मे महिन्यात मातीच्या घरात: हिंगणीकडचा एक शेतमुक्काम

रिटायर झाल्यावर आर्वीकडच्या आमच्या शेतात घर बांधायचं आहे आणि ते मातीचंच हवं, असा माझा हट्ट आहे. ह्यांचं म्हणणं, आधी राहून तर बघ, आणि तेही मे महिन्यात. डिसेंबरात कोणतंही घर छानच वाटतं. वर्धा जिल्ह्यात बोर धरणाच्या अलीकडे, हिंगणीच्या रस्त्यावरून आत एका शेतात मातीच्या खोल्या भाड्याने देतात असं कळलं, म्हणून सासूबाईंना घेऊन तिथे मुक्कामाला गेलो. खोलीचे 2,200 रुपये, चहा-नाश्ता त्यातच, जेवणाचे वेगळे. मालक नवरा-बायको शहरातली नोकरी सोडून आलेले. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून ठिकाणाचं नाव लिहीत नाही.

आधी उन्हाचं सांगते. आपल्याकडे घराची परीक्षा तिथेच होते. भिंती दीड फूट जाड. पांढरी माती, गव्हांडा (गव्हाचा भुसा) आणि शेण पायाने तुडवून, मुरवून रचलेल्या, बाहेरून चुन्याचा हात. मी शाळेतला थर्मामीटर पिशवीत टाकून नेला होता. दुपारी तीनला अंगणात सावलीत 44, खोलीत 35, आणि कूलर नाही, नुसता पंखा. आमच्या स्लॅबच्या घरात त्या वेळेला कूलरसमोरून उठवत नाही.

पण रात्री नऊ-दहाला पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकली तर ती चांगलीच कोमट. जाड मातीची भिंत ऊन पिऊन बसते आणि कित्येक तासांनी आत सोडते, हे पुस्तकात वाचलं होतं, पाठीला तिथे कळलं. मालकीणबाईंनी न सांगताच अंगणात खाटा टाकल्या होत्या. त्यांचा नियम साधा: दिवस बुडाला की सगळ्या खिडक्या उघडायच्या, सकाळी आठला बंद करायच्या. म्हणजे हे घर राहणाऱ्याकडूनही काम करून घेतं. आमच्या नकाशात पश्चिमेला आता लांब सपरी, म्हणजे पडवी, आली आहे, भिंतीवर ऊनच पडायला नको.

छतावर जुने गावठी कवेलू, म्हणजे कौलं, खाली बांबूचे तट्टे आणि त्यावर मातीचा थर. दिसायला देखणं. मालकांनी हे कवेलू कुठून आणले? आजूबाजूच्या गावांत पडलेल्या घरांचे विकत घेतले, कारण असे कवेलू करणारा कुंभार आता शोधूनही सापडत नाही. घरं पडण्याचं कारणही सांगण्यासारखं आहे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडच्या कच्च्या घराच्या जागी पक्कं घरकुल बांधायला सपाट भागात 1 लाख 20 हजार मिळतात, किमान 25 चौरस मीटरचं. लोकांनी मातीचं पाडलं, टिनाचं किंवा स्लॅबचं बांधलं. त्यात त्यांची काही चूक नाही; गळक्या छताखाली पावसाळे काढलेल्या माणसाला मातीचं कौतुक कुणी शिकवू नये. पण त्याच घरांचे कवेलू आज 2,200 रुपये रोजाच्या खोलीवर आहेत, हे बघून हसू आलं.

आणि कवेलू म्हटले की वानरं आलीच. पहाटे साडेपाचला डोक्यावर धाडधाड सुरू झालं, पूर्ण टोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाई उठून बसल्या आणि म्हणाल्या, “पाय व, आमच्या घराचं असंच वाटोळं केलं होतं यायनं.” मागच्या भिंतीशी सुट्या कवेलूंची थप्पी रचून ठेवली आहे, दर पावसाळ्याआधी फेरायला, म्हणजे फुटके काढून नीट लावायला. हौस म्हणून ठीक आहे. आमच्या वयात कोण चढणार वर?

यावर एक तोड मला माहीत आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, त्यांनी कुंभाराच्या चाकावर काढलेल्या शंकूसारख्या नळ्या एकात एक खोचून कमानीचं छत करण्याची पद्धत बसवली. लाकूड नको, लोखंड नको, वरून गिलावा. वानर नाचलं तरी फेरायला कवेलूच नाहीत. मालकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पर्यटकाला कवेलूच पाहिजे असतो. धंदा आहे, त्यांचंही बरोबर.

आता सारवणाचं, कारण माझा हट्ट तिथेच डळमळला. मुलांची सहल घेऊन मी सेवाग्रामला कितीतरी वेळा गेले आहे. 1936 मध्ये गांधीजी तिथे आले तेव्हा घराला शंभर रुपयांच्या वर खर्च नको, सामान आणि मजूर गावचेच हवेत, अशी त्यांची अट होती. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी तिथल्या भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडं मुलांना दाखवताना मी नेहमी म्हणते, बघा किती साधं घर. त्या भिंती आणि जमिनी इतकी वर्षं टिकल्या त्या कुणाच्या तरी हातांनी, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

इथे गावातून दोघी जणी कामाला येतात. जमिनीचं सारवण दर आठवड्याला, भिंतींचं पावसाळ्यानंतर आणि दिवाळीला. त्यातली एक ओसरी सारवत होती, मी बाजूला बसले. एका हाताने बादलीतलं पाणी शिंपडायचं, दुसऱ्याने तळव्याचा अर्धगोल फिरवत मागे मागे सरकायचं. प्रत्येक अर्धगोल आधीच्याच्या कडेवर बरोबर चढतो, रेघ राहत नाही. बघायला फार सुंदर. गुडघे दुखत नाहीत का विचारलं, तर म्हणाली, “दुखते ना बाई. पन घरचं टाइल्सचं हाये आता, सारवन इथंच करतो, पैशाचं.” आणि पुढे, “शेन पायजे रोजचं. यायच्याकडं दोन गाई हायेत मनून जमते. गावात आता ट्रॅक्टर, शेन कोठचं?”

सासूबाईंनी हे ऐकलं आणि निकाल देऊन टाकला: “पायाले गार लागते, चांगलं लागते. पन सूनबाई, सारवन कोन करन? तू की तुझा नवरा?” हे दुसरीकडे बघत होते. मातीच्या घरावर भरभरून लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, आणि ते वाकून सारवताना मला तरी अजून दिसलेले नाहीत. आमच्या घरात भिंती मातीच्या राहतील, जमिनीला शहाबादी फरशी. ज्यांना हे अशुद्ध वाटेल त्यांनी दर शनिवारी यावं, शेण आणि बादली आम्ही देऊ.

खरी तक्रार बांबूची. न्हाणीघराच्या छपराला आणि खाटेवरच्या आड्याला भुंगा लागला आहे. रोज सकाळी चादरीवर पिवळट पीठ पडलेलं. बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं की भुंगा धरत नाही, आणि तो पावसाळा संपल्यावर, रस उतरल्यावर तोडायचा असतो. मालक म्हणाले औषध दिलं होतं. दिलं असेल तर नीट मुरलं नाही. एवढं भाडं घेता तर दोन आडे बदला. मानवेल बांबू भरीव असतो आणि आपल्या भागात भरपूर होतो, महाग पडायचं कारण नाही. बाथरूमचं पाणी केळी-अळवाकडे काढलंय ते उत्तम, पण त्या चरावर डासांचं राज्य आहे.

पायाबद्दल मालकांनी मोकळेपणाने सांगितलं, त्याचे गुण वेगळे. त्यांची जमीन डोंगरपायथ्याची, हातभर खाली मुरूम. आमची काळी कापसाची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर मातीची भिंत उभी केली तर पहिल्याच वर्षी तडकेल. मुरूम लागेपर्यंत खोदा, काळ्या दगडाचं जोतं जमिनीवर दोन फूट तरी घ्या, छपराची वळचण लांब ठेवा, असा त्यांचा सल्ला. हा सल्ला त्यांनी फुकट दिला, आणि खरं तर पैसे यालाच वसूल झाले.

जेवण घरचं: ज्वारीची भाकर, झुणका, जवसाची चटणी, पन्हं. तिखट बेताचं, म्हणजे बाहेरच्या पाहुण्यांच्या बेताचं. आमच्यासाठी वेगळा ठेचा मागावा लागला.

पाचपैकी साडेतीन देईन. घर बांधायचं डोक्यात असेल तर मे महिन्यातच जा आणि मालकांना दुपारी ऊन असताना प्रश्न विचारा, तेव्हा ते निवांत असतात. बुकिंग करताना विहिरीकडची खोली मागा. पुढच्या खोलीवर चिंच आहे आणि वानरं तिथूनच उतरतात.