ट्रॉपिक मरीन प्रो-रीफ मीठ : नियमित पाणीबदलाच्या कसोटीवर

रीफ टँकसाठी (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी) मीठ घेताना बरेच जण डब्यावरचा क्षारतेचा (अल्कलिनिटीचा, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणाचा) आकडा पाहतात आणि तो जितका मोठा तितके मीठ चांगले, असे धरून चालतात. ट्रॉपिक मरीनचे प्रो-रीफ मला पसंत पडले ते नेमक्या उलट कारणासाठी. समुद्राच्या पाण्याची क्षारता सुमारे ७ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) असते आणि या मिठाचे पाणीही त्याच्या आसपासच राहते. त्यामुळे टाकीची क्षारता ७ ते ८ च्या दरम्यान असेल, तर पाणी बदलल्याची चाहूलसुद्धा प्रवाळांना लागत नाही. याउलट १२ डीकेएचचे मीठ वापरून ८ च्या टाकीतले पाव हिस्सा पाणी बदलले, तर क्षारता एका बैठकीत ९ वर चढते. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळांना अशी उडी मानवत नाही.

पाणी तयार करताना या मिठाचा दर्जा डोळ्यांना दिसतो. शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या), आरओ-डीआय यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) चालू ठेवून ते थोडेथोडे सोडावे (मिठावर पाणी कधीही ओतू नये, कारण दाट द्रावणात कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका धरतो). सुरुवातीचा दुधाळपणा लवकर निवळतो आणि रिकाम्या झालेल्या पिंपाच्या आतून बोट फिरवले तरी पांढरी पूड हाताला लागत नाही. लवणता (मिठाचे प्रमाण) ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) आणि तापमान टाकीइतके झाले की पाणी वापरायला तयार.

आठवड्याला १० टक्के हे प्रमाण मला सर्वांत योग्य वाटते. नवी भर पडत नाही असे धरले, तर २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) नायट्रेट (टाकीतल्या कचऱ्यातून साचणारे द्रव्य) चार वेळच्या बदलानंतर १३ च्या जवळ येते. एकदम ४० टक्के पाणी बदलले तर ते १२ वर येईल. म्हणजे जास्तीचा लाभ जेमतेम एका अंकाचा, धक्का मात्र मोठा. पण नायट्रेटपेक्षाही मोलाचे काम वेगळे आहे. प्रवाळांनी खर्च केलेले कॅल्शियम आणि क्षारता भरून काढण्यासाठी कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट रोज देणाऱ्यांच्या (यालाच डोसिंग म्हणतात) टाकीत सोडियम आणि क्लोराइड साचत जातात, लवणता चढते, ती उतरवण्यासाठी गोडे पाणी घातले की पोटॅशियम, सल्फेट यांचे प्रमाण घटते, आणि घरगुती टेस्ट किटवर यातले बहुतेक काही दिसतच नाही. हा बिघडलेला तोल नियमित पाणीबदलच हळूहळू सावरतो, आणि त्यासाठी समुद्राशी इतके जुळणारे मीठ हवे.

मात्र कठीण सांगाड्याचे प्रवाळ भरपूर असतील, तर दिवसाला १ डीकेएच क्षारता सहज खर्च होते आणि ती भरून काढणे कोणत्याही मिठाच्या १० टक्के पाण्याला शक्य नाही; तिथे डोसिंग लागणारच. मोजके मऊ प्रवाळ असलेली, डोसिंगविना केवळ पाणीबदलावर चालणारी टाकी ज्यांना ८ किंवा ९ डीकेएचवर ठेवायची आहे, त्यांनी अधिक क्षारतेचे मीठ घ्यावे.