महागाईत गाडी: नवी, वापरलेली, आहे तीच की मुळीच नको?

गाडीच्या दुकानात बसलं की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न येतो: "महिन्याला किती हप्ता जमेल?" साधा वाटतो, पण विकणाऱ्याच्या फार सोयीचा आहे, कारण त्याचं उत्तर हवं तसं जमवून देता येतं. मुदत वाढवली की हप्ता उतरतो आणि न परवडणारी गाडी परवडायला लागते. कर्ज १०० आणि व्याज वर्षाला ९ टक्के धरा. तीन वर्षांत फेडलं तर हप्ता ३.१८ आणि एकूण व्याज साधारण १४.५. पाच वर्षं घेतली तर हप्ता २.०८ वर येतो, व्याज २४.६ होतं. सात वर्षांवर गेलात तर हप्ता १.६१ आणि व्याज ३५ च्या पुढे. गाडी तीच, तिचे दरवाजेही तेवढेच.

किराणा, भाडं, औषधं, शाळेची फी असं सगळंच वर चाललेलं असताना मला वेगळा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. हा खर्च उद्या कमी करायची वेळ आली, तर करता येईल का? काही खर्च आपण बांधून घेतो आणि काही आवरता येतात. हप्ता बांधलेला, पेट्रोल बऱ्याच अंशी आवरता येण्यासारखं. महागाईच्या काळात खर्च किती मोठा आहे यापेक्षा तो किती बांधलेला आहे याला मी जास्त महत्त्व देतो, आणि खालची तुलना त्याच अंगाने केली आहे.

हप्ता जागेवर, बाकी सगळं हलतं

समजा घरात महिन्याला १०० येतात. ७० घरखर्चात जातात, १५ गाडीच्या हप्त्यात, १५ शिल्लक. चित्र छान आहे. आता खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी आणि पगार ४ टक्क्यांनी वाढतोय असं धरा. तीन वर्षांनी हातात ११२.५ येतात, पण त्याच घरखर्चाला ८८ लागतात. हप्ता १५ च आहे. शिल्लक राहते ९.३. कुणी उधळपट्टी केली नाही, कुणाची नोकरी गेली नाही, तरी बचत एक तृतीयांशाहून जास्त आटली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण हे अंथरूण प्रत्येक धुण्यात आखडणारं आहे. म्हणून माप आजचं न घेता तीन वर्षांनंतरचं घ्यायला हवं.

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिलं की घर जितकं गरीब तितका त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा अन्नावर जातो. पगारापेक्षा भाव वेगाने चढतात तेव्हा नेमकं हेच होतं: आकड्यात पगार वाढतो, पण खर्चाचा साचा गरीब घराचा व्हायला लागतो. गाडीचा हप्ता अन्न-निवाऱ्यातून उरलेल्या तुकड्यातून जातो, आणि तोच तुकडा लहान होत असतो.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: महागाईत कर्ज काढलेलं बरं, पैशाची किंमत घसरते तसा हप्ताही हलका होतो. हे खरं आहे, पण दोन अटींवर. व्याजदर स्थिर हवा आणि तुमचा पगार महागाईच्या बरोबरीने वाढायला हवा. शिवाय हा युक्तिवाद घराच्या किंवा जमिनीच्या कर्जातून उसना आणलेला आहे. गाडीची किंमत त्या काळात खालीच जात असते.

तीन वाटा, एकाच मापात

खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत. नव्या गाडीची किंमत १०० मानली आहे. साधारण ठोकताळा असा की नवी गाडी पहिल्या वर्षात १५ ते २० टक्के किंमत गमावते आणि पाच वर्षांत निम्म्यावर येते. मॉडेल आणि बाजार यांनुसार हे बरंच वरखाली होतं. नवीसाठी ८० चं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. वापरलेलीसाठी ४० चं कर्ज, ११ टक्के, तीन वर्षं. दोन्हीकडे स्वतःचे २० घातलेले. इंधन आणि विमा बाहेर ठेवले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून तक्ता पुन्हा भरा, तरच त्याचा उपयोग.

| पाच वर्षांत | नवी | तीन वर्षं वापरलेली | आहे तीच |
|---|---|---|---|
| आजची किंमत | १०० | ६० | २० |
| शेवटी विकून येतील | ५० | २८ | ६ |
| घसारा | ५० | ३२ | १४ |
| व्याज | २० | ७ | ० |
| देखभाल, दुरुस्ती | ८ | १८ | २८ |
| एकूण | ७८ | ५७ | ४२ |
| बांधलेला हप्ता | १.६६, ६० महिने | १.३१, ३६ महिने | नाही |

लोक "एकूण"ची ओळ वाचून थांबतात. मी शेवटची ओळ आधी वाचतो.

नवी गाडी

नवीचा मोठा फायदा म्हणजे खर्चाचा अंदाज बांधता येतो. वॉरंटी असते, अचानक मोठं बिल सहसा येत नाही. ज्याचं काम गाडीवाचून अडतं, त्याच्यासाठी ही निश्चिंती पैसे मोजण्याजोगी आहे. सुरक्षेचा मुद्दाही खरा आहे. घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलसारखी यंत्रणा युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांत ती सापडत नाही.

अडचण मुदतीत आहे. पूर्ण किमतीचं कर्ज सात वर्षांसाठी घेतलं, तर दोन वर्षांनी मूळ कर्जापैकी ७७.५ टक्के अजून बाकी असतं. गाडीची बाजारातली किंमत तोवर ७० च्या आसपास आलेली असू शकते. म्हणजे हप्ता झेपेना म्हणून गाडी विकायला काढली, तर विकूनही पदरचे सात-आठ घालावे लागतील. तेच कर्ज पाच वर्षांचं असतं तर बाकी ६५ राहिली असती आणि सुटका झाली असती. २० टक्के रक्कम आधी भरा, मुदत चार वर्षांपेक्षा जास्त नको, आणि गाडीचा सगळा खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत बसवा, असा एक जुना नियम सांगतात. शेवटचा भाग आज पुष्कळांना अशक्य वाटेल आणि त्यावर मी अडून बसणार नाही. मुदतीवर मात्र बसेन.

व्याजाचा दर ऐकताना तो घटत्या शिलकीवर (फेडून उरलेल्या कर्जावर) आहे की "फ्लॅट" (शेवटपर्यंत मूळ कर्जावर), हे विचारून घ्या. ९ टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांत १०० वर ४५ व्याज जातं. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर १५ ते १६ टक्के होतो. दोन्ही जाहिरातींत "९ टक्के"च लिहिलेलं असतं.

वापरलेली गाडी

आकड्यांत ही मधली वाट दिसते, पण हप्त्याच्या बाजूने पाहिलं तर ती बरीच मोकळी आहे: रक्कम कमी आणि तीन वर्षांत संपणारी. पहिल्या मालकाने सगळ्यात मोठा घसारा सोसलेला असतो. धोका अर्थात माहितीचा. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं होतं की विकणाऱ्याला गाडीतली खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून चांगल्या गाड्या या बाजारातून काढता पाय घेतात. त्या कामाचा वाटा असलेलं नोबेल त्यांना २००१ मध्ये मिळालं. घेणाऱ्याच्या हातात उपाय एकच, ही माहितीची दरी पैसे खर्चून बुजवायची.

म्हणजे ज्याचा व्यवहारात काडीचा संबंध नाही अशा मेकॅनिकला पैसे देऊन गाडी दाखवायची. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी परत जायचं. टायरच्या कडेवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचायचे: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कमी पळालेली म्हणून सांगितलेल्या गाडीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले, तर किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला की बिघाडाच्या नोंदी दिसतात. नोंदी कोऱ्या, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या "अपूर्ण" दिसत असतील, तर त्या नोंदी नुकत्याच पुसलेल्या असण्याची शक्यता मोठी.

"जुनी म्हणजे स्वस्त" हेही गृहीत धरू नका. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा अमेरिकेत वापरलेल्या गाड्यांचे भाव जूनपर्यंतच्या एका वर्षात ४५ टक्क्यांनी चढले होते. नवी आणि दोन वर्षं वापरलेली यांत फरक फारच थोडा असेल, तर सरळ नवी घ्या.

आहे तीच चालवत राहणं

या वाटेची बाजू कुणी मांडत नाही, कारण तिच्यात कुणाचं काही विकलं जात नाही. तिच्याबद्दलचा सगळ्यात पसरलेला सल्ला असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ गेला की गाडी काढून टाका. मला हा सल्ला पटत नाही. दुरुस्तीची तुलना गाडीच्या किमतीशी करून काय मिळतं? ती दुसऱ्या वाटेच्या वार्षिक खर्चाशी करायला हवी. तक्त्यात नवी गाडी वर्षाला १५.६ खाते आणि वापरलेली ११.४. तुमची गाडी २० ची आहे आणि क्लच, सस्पेन्शन वगैरे मिळून १५ चं बिल आलं. जिवावर येतं. पण त्या दुरुस्तीने गाडी आणखी दोन वर्षं नीट चालणार असेल, तर तो खर्च वर्षाला ७.५ पडला. इतर किरकोळ दुरुस्ती आणि घसारा धरूनही बहुधा तुम्ही पुढेच आहात.

याला अपवाद आहेत आणि तिथे ताणू नये. सांगाडा गंजला असेल, एकच बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल, ब्रेक किंवा एअरबॅगबद्दल मेकॅनिक खात्री देत नसेल, सुटे भाग मिळत नसतील, तर हिशेब बंद करून गाडी बदला.

या वाटेत हप्ता नसतो, पण बिलं एकरकमी येतात, आणि ती नेमकी अडचणीच्या महिन्यात येतात असं वाटत राहतं. तक्त्यातले २८ पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला अर्ध्याहून थोडे कमी होतात. तेवढे वेगळ्या खात्यात टाकत राहिलं तर बिल धक्का देत नाही. आणि एखाद्या महिन्यात घरात आजारपण आलं, तर ते टाकणं थांबवताही येतं. हप्त्याला असं थांबवता येत नाही.

गाडीच नको?

रोज एक तास गाडी चालवणाऱ्याची गाडी दिवसातले २३ तास उभी असते, म्हणजे वेळेच्या ९६ टक्के. घसारा, विमा, व्याज त्या २३ तासांतही चालू. तरी लोकांना भाड्याची गाडी महाग वाटते, कारण तिचे पैसे प्रत्येक फेरीला टोचतात. घसारा वर्षातून एकदाही टोचत नाही.

हिशेब सोपा आहे. वापरलेल्या गाडीचा वर्षाचा ११.४ खर्च, त्यात विमा, इंधन आणि जागेचं भाडं मिळवा. बस, रेल्वे, भाड्याची गाडी यांवर वर्षभरात याहून कमी जात असेल तर पैशाच्या बाजूने निकाल लागला. पण हा निकाल पैशापुरताच. घरात चालता न येणारं माणूस असेल, कामाची वेळ रात्रीची असेल, राहता तिथे दर तासाला एकच बस असेल, तर तक्ता बाजूला ठेवा. फक्त "कधीतरी लागेल" हे कारण असेल तर तो "कधीतरी" वर्षातून किती वेळा आला ते मोजा.

विजेच्या गाडीबद्दल थोडक्यात. तिचा चालवण्याचा खर्च कमी, घेण्याची किंमत बहुधा जास्त. बॅटरीवर सामान्यतः ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी मिळते. पण या लेखाच्या मापाने पाहिलं, तर ती आवरता येणारा खर्च (इंधन) कमी करून बांधलेला खर्च (हप्ता) वाढवते. भरपूर फिरणं आणि घरी चार्जिंग असेल तर हा सौदा फायद्याचा, कमी फिरणाऱ्याला उलटा.

मग कुणी काय घ्यावं

गाडीवर पोट असेल, पगार महागाईबरोबर वाढण्याची शक्यता चांगली असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर नवी घ्या, पण चार वर्षांच्या आत फिटणारी. गाडी लागते, पण उत्पन्न डळमळीत आहे, अशांनी वापरलेली बघावी. चालणारी गाडी दाराशी असलेल्याने केवळ कंटाळा आला म्हणून या काळात ती बदलू नये. कंटाळ्यासाठी महिन्याला १.६६ फार होतात.

नवीच घ्यायचं मनात पक्कं असेल, तर होणारा हप्ता, विमा आणि जास्तीचा देखभाल खर्च मिळून जी रक्कम होते ती आजपासून सहा महिने दर पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. मधे एकदाही त्या खात्याला हात लावावा लागला नाही, तर कर्जाचा अर्ज भरा, आणि साठलेली रक्कम आधी भरायच्या पैशांत घाला म्हणजे कर्जच कमी होईल. सही करण्यापूर्वी एक गोष्ट लेखी मागा: मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, आणि अधूनमधून जास्तीची रक्कम भरली तर ती मुद्दलातून वजा होते की पुढच्या हप्त्यांत अडकून राहते.