२६ जानेवारीचा शिक्का

माझ्याकडे बारा बोरची दुनळी बंदूक आहे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, परवाना काढला आणि मुंबईत कॅश व्हॅनवर गार्ड लागलो. परवान्यात हद्द फक्त महाराष्ट्राची. २०२३ च्या शेवटी कंपनीने वापी-सुरतची फेरी देऊ केली, पगार जास्त. पण हद्दीबाहेर बंदूक नेली की परवान्याची अट मोडली, शस्त्र कायद्याचं कलम ३०. म्हणून हद्द वाढवून घ्यायची ठरवली.

मुंबईत परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे. चौकशीला क्रॉफर्ड मार्केटला गेलो, तिथे चहाच्या टपरीवर एकाने ओळख काढली. "या सुभेदारसाहेब!" मी हवालदार, पण बढती कुणाला नको असते? म्हणाला, मंत्रालयात गृह खात्यात माणूस आहे, चाळीस हजारांत 'ऑल इंडिया' करून देतो. पंचवीस आधी, उरलेले काम झाल्यावर. पावती मागितली तर हसला. "साहेब, अशा कामाची पावती असते का?" तिथेच उठायला हवं होतं.

उठलो नाही. उलट परवान्याचं मूळ पुस्तक त्याच्या हातात दिलं. महिनाभर बंदूक घरात आणि पुस्तक परक्याकडे. ड्युटीवर सुट्टी टाकली, बायकोला काही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत पुस्तक परत आलं. जांभळा गोल शिक्का, सही, तारीख. पंधरा हजार मोजले.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्रं जमा करायची नोटीस आली. बँकेच्या कामावरच्या गार्डांना सूट मिळते, म्हणून अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. कारकून पोलिसाने पान उलटलं, मग परत मागे आला. "हवालदार, प्रजासत्ताक दिनी कोणतं ऑफिस उघडं होतं?"

शिक्क्यावर तारीख होती २६-१-२०२४. बावीस वर्षं ज्या दिवशी परेडला उभा राहिलो, तीच तारीख मला दिसली नव्हती.

मग संगणकावर माझा यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, टाकला. तिथे हद्द महाराष्ट्रच. खरा बदल झाला असता तर त्या नंबरासमोर नोंद असती, त्याआधी अर्ज माझ्या सहीने गेला असता, ठाण्यातून चौकशी झाली असती. माझ्या दारात एक शिपाईसुद्धा आला नव्हता, आणि मला वाटलं, वरून काम झालंय म्हणून आला नसेल.

पुढचे चार तास जबाब. बनावट शिक्क्याचं पुस्तक माझ्या खिशातून निघालं होतं, त्यामुळे आधी संशय माझ्यावरच. एजंटचा फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज होते म्हणून मी फिर्यादी झालो, नाहीतर आरोपीच होतो. नशीब, सुरतची फेरी अजून सुरू झाली नव्हती.

पुस्तक पुराव्यात अडकलं, बंदूक जमा. सध्या परळला एका सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन बसतो.