गावच्या पाटीवर फक्त आकडा होता, नावं इथं सापडली (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन शोध सेवा)

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुका. चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली एक दगडी पाटी आहे, दरवर्षी रंग देताना तिच्यावरनं पण ब्रश फिरायचा त्यामुळं अक्षरं पार बुजलेली. गेल्या वर्षी २६ जानेवारीच्या आधी पोरांनी चुना खरवडला तेव्हा वाचता आलं की १९१४ ते १९१९ च्या लढाईला या गावातनं ६२ जण गेले आणि त्यातले ९ मेले. बास, एवढंच. नाव एकाचंही नाही. अपशिंगे मिलिटरी हे सैनिकांचं गाव सगळ्यांना माहितीय, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले, पण अशा पाट्या आपल्याकडं अजून कितीतरी गावांत आहेत आणि लोक तिला सायकल टेकवून चहाला जातात.

आता ही नऊ माणसं कोण हे कुणालाच सांगता येईना. आमच्या भावकीत एका घराला अजून "बसऱ्याचं घर" म्हणतात, का म्हणतात ते त्या घरातल्या आजींना पण नीट माहीत नव्हतं, सासूकडनं ऐकलेलं एवढंच की थोरला बसऱ्याला गेला तो गेलाच. आधी एका एजंटनं रेकॉर्ड काढून देतो म्हणून अडीच हजार घेतले आणि नेटवरचा कुठल्यातरी पलटणीचा फोटो पाठवून दिला. मग गावातले एक रिटायर्ड सुभेदार काका म्हणाले, अरे हे सगळं फुकट बघायला मिळतंय, पैसे कशाला घालवताय.

तर ही सेवा खरंच फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारं हे कमिशन १९१७ साली सुरू झालं, दोन्ही महायुद्धांत इंग्रजांच्या आणि कॉमनवेल्थच्या फौजांत मेलेल्या १७ लाख माणसांची नोंद त्यांच्याकडं आहे, आपल्या खडकीची वॉर सिमेट्री पण तेच सांभाळतात. नुसतं आडनाव टाकून शोधायला गेलात तर थकाल, कारण त्या वेळच्या कारकुनांनी आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिलीत, कुठं आडनावच नाही, कुठं तेच पहिलं नाव धरलंय. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जादा माहितीचा एक रकाना आहे, त्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाकायचं आणि वर इंडियन आर्मी निवडायचं. आम्ही गावाच्या नावाची सात-आठ स्पेलिंगं करून बघितली, शेवटी व्ही काढून डब्ल्यू घातला आणि चार नावं एकदम आली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सहा जण एका मोबाइलवर वाकलेलो, आणि त्यात लिहिलेलं, अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, कोरेगाव, सातारा, बॉम्बे. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या गावाचं नाव शाईनं लिहून ठेवलंय हे वाचून सुभेदार काका चष्मा काढून बाहेर जाऊन उभे राहिले.

आत्तापर्यंत नऊपैकी सहा सापडलेत. सहापैकी पाच बसरा मेमोरियलवर नोंदलेले, म्हणजे मेसोपोटेमियात, आत्ताचं इराक. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथल्या कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या, १९१५ च्या डिसेंबरापासनं १४७ दिवस, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि त्यानंतर कैदेत चालवत नेलेले कितीतरी जण वाटेतच गेले. आमच्यातल्या दोघांच्या मृत्यूची तारीख त्या एप्रिलनंतरची आहे. ते कसे गेले असतील याचा विचार करवत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आणि ती लिहिणारच. बसऱ्याच्या त्या स्मारकावर ४० हजारांच्या वर माणसांची नोंद आहे, पण इंग्रज शिपायाचं नाव भिंतीवर कोरलं आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणं नुसता आकडा. म्हणजे तिकडं पण आकडा आणि इकडं चावडीवर पण आकडा! नावं राहिली फक्त रजिस्टरात. कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच चौकशीचा अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं, माफी मागितली. उशिरा का होईना मागितली, पण बसऱ्याच्या घरातल्या आजींच्या सासूला ती ऐकायला मिळाली नाही.

प्रत्येक नोंदीखाली एक सर्टिफिकेट डाउनलोड करता येतं, शिपायाचं नाव, पलटण, तारीख, स्मारक. कोरेगावात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केली आणि यंदाच्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेतल्या पोरांनी सहाही नावं मोठ्यानं वाचली. बसऱ्याच्या घरच्या आजींना सर्टिफिकेट दिलं तर त्यांनी पहिलं विचारलं, "ह्यात त्येंच्या आईचं नाव हाय का?" नाहीये, फक्त बापाचं आहे. त्यांनी ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

सेवेला पाचपैकी पाच स्टार, मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर बघा कारण रजिस्टरची स्कॅन केलेली पानं मोठी करून वाचावी लागतात. ज्यांची गावं कोरेगाव, खटाव, पाटण, खेड, महाड कडं आहेत त्यांनी आधी चावडीची नाहीतर शाळेची भिंत बघा, रंगाखाली काही आहे का. आणि उरलेल्या तिघांसाठी गावाचं अजून कुठलं स्पेलिंग ट्राय करावं हे कुणाला सुचत असेल तर कळवा, आम्ही जुन्या सात-बाराची इंग्रजी यादी पण चाळतोय.