सलूनसाठी ड्रायर घेताय? आधी मोटर बघा

खोक्यावरचा वॅटचा आकडा बघून भुलू नका. दिवसाला दहा-बारा डोकी सुकवायची तर एसी मोटरचाच ड्रायर घ्या. डीसी मोटरचा हलका अन् स्वस्त, पण तो घरच्या वापराचा. एसीचा हाताला जड लागतो. दुकानातच पाच मिनिटं खांद्याच्या वर धरून बघा.

२००० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं. ६ च्या सॉकेटात कन्व्हर्जन प्लग लावून चालवला की प्लग आधी पिवळा पडतो, मग वितळतो. लातूर-जालन्याकडं भर उन्हाळ्यात व्होल्टेज १८० वर उतरलं, तर तोच ड्रायर १२०० वॅटच्या आसपास उरतो. मग 'गरमच होत नाही' म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

मधेच बंद पडला तर लगेच 'जळाला' म्हणू नका. मागची जाळी काढा: केस, पावडर अन् धूळ यांचा नमद्यासारखा थर निघतो. हवा कोंडली की ड्रायर जास्त तापतो अन् थर्मल कटआउट, म्हणजे आतला सुरक्षा स्विच, पुरवठा तोडतो. म्हणून जाळी निघणारीच बघा, आठवड्याला जुन्या टूथब्रशनं झाडा. वायर अडीच-तीन मीटर असावी. 'आयनिक' (केसांवर ऋण आयन सोडणारा) या नावाखाली दुप्पट पैसे? नको.