जुळे सोलापूरच्या एजंट काकांचा अनुभव (पाचपैकी साडेचार स्टार)

नुकताच जुळे सोलापुरात टू बीएचके घेतला, रिसेलचा. ज्यांच्यामार्फत घेतला त्या काकांबद्दल मनापासून लिहावंसं वाटलं, कारण आपल्याकडे चौकाचौकात एजंटचे बोर्ड आहेत पण डोळे झाकून पैसे द्यावे असा माणूस मिळणं लई अवघड आहे. नाव नंबर इथं टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

खरं तर आम्हाला प्लॉट हवा होता. दुसऱ्या एका एजंटने विजापूर रोडच्या पुढं एक दाखवलेला, गेट, तारेचं कंपाउंड, रंगवलेले दगड सगळं झकास, आणि आजच टोकन द्या उद्या दुसरी पार्टी येणार म्हणून मागं लागलेला, तेही कॅशमध्ये, आणि खरेदीखत नंतर बघू आधी नोटरी करून देतो म्हणे. आमच्या ह्यांनी गट नंबर घेऊन ठेवला आणि काकांकडं गेलो. काकांनी तिथंच मोबाईलवर महाभूलेख (सरकारची जमीन नोंदींची साईट) उघडलं, सातबारा काढला आणि 'इतर हक्क' वर बोट ठेवून म्हणाले, वाचा ताई. विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच! आणि एनएचा (बिगरशेतीचा) कुठं पत्ताच नाही, जमीन अजून शेतीच. बोजा उतरल्याशिवाय आणि एनए ऑर्डर हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका म्हणाले. या सल्ल्याचे त्यांना काहीच मिळणार नव्हते. सातबारा नुसता बघायला फुकट आहे आणि डिजिटल सहीचा 15 रुपयात मिळतो, तरी किती लोक न बघता टोकन देतात, वाईट वाटतं.

नंतर फ्लॅट दाखवले. इतर एजंट हॉल किती मोठा, फर्निचर किती भारी सांगतात, ह्यांनी आधी पार्किंगमधल्या हौदाचं झाकण उघडायला लावलं आणि तळमजल्यावरच्या मावशींना विचारलं की नळ किती दिवसांनी येतो, उन्हाळ्यात टँकर लागतो का. सोलापुरात राहणाऱ्याला कळेल हे किती महत्त्वाचं आहे! एक फ्लॅट आम्हाला फार आवडलेला तो त्यांनी याच कारणाने नको म्हणून सांगितलं.

जो घेतला त्याचे जुने खरेदीखत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सोसायटीची एनओसी, टॅक्स पावती सगळं आधी दाखवलं आणि वकील तुमचा तुम्ही बघा, माझा नको, सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांची तपासणी) 30 वर्षांचा काढून घ्या म्हणाले. मला हे सगळ्यात जास्त पटलं. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे हेही त्यांनीच सांगितलं, नवऱ्याचं नाव सोबत लावलं की ती मिळत नाही. नोंदणी फी वेगळी, ती 1 टक्का पण 30,000 च्या वर नाही.

दलाली 1 टक्का, पहिल्याच दिवशी सांगितली, विकणाऱ्याकडूनही घेतो हेही लपवलं नाही. पैसे दस्त झाल्यावर घेतले, पावतीसकट.

त्यांच्या ऑफिसात महारेराचं (बिल्डर-एजंटवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. नव्या प्रोजेक्टमधला फ्लॅट घेणार असाल तर एजंटचा ए ने सुरू होणारा नंबर मागा आणि साईटवर टाकून बघा, प्रोजेक्टचा पी ने सुरू होतो, दोन्ही वेगळे असतात. आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर 10 टक्क्यांच्या वर पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा, कायद्यातच बसत नाही ते.

अर्धा स्टार कापला तो फोनसाठी. दुपारी उचलत नाहीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात तर विचारूच नका, आमचा दस्त त्यामुळं पुढं गेला. व्हॉट्सअपवर कागद मागितले तर दोन दोनदा आठवण करावी लागते. काम असेल तर सरळ सकाळी ऑफिसात जाऊन बसायचं, तिथं मात्र पूर्ण वेळ देतात, चहासकट.