मुलाचा कान दुखतोय: अँटिबायोटिक लगेच, की दोन दिवस थांबून?

मधल्या कानाच्या संसर्गात दोन मार्ग असतात: अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लगेच सुरू करणं, किंवा वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास लक्ष ठेवणं.

सहा महिन्यांखालचं बाळ, ३९ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, कानातून पू, असह्य ठणका, दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान: इथे थांबू नये. इतरांना लगेच औषधाने फायदा होतो, पण थोडाच. बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ. आणि औषध फक्त कानापुरतं राहत नाही. नाका-घशातले, आतड्यातले साधे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे ती जागा बळकावतात. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचे काही प्रकार बीटा-लॅक्टमेज हे विकर बनवून अमॉक्सिसिलिनचा रेणूच मोडतात. न्यूमोकोकस हा दुसरा जिवाणू वेगळी वाट धरतो: औषध जिथे चिकटतं ती प्रथिनंच बदलतो. हाच न्यूमोकोकस न्यूमोनियाही घडवतो. पाळणाघरात तो औषधाचा थेंबही न घेतलेल्या मुलापर्यंत पोचतो, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

थांबलं तरी बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. थांबणं म्हणजे दुर्लक्ष मात्र नव्हे. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यायचं, ताप मोजत राहायचं, मूल नीट पितंय ना ते पाहायचं. दुखणं वाढलं किंवा मुदतीत उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं.

दोन वर्षांवरचं, एरवी धडधाकट मूल आणि सौम्य दुखणं असेल, तर डॉक्टरांशी बोलून थांबण्याच्या बाजूने मी ठामपणे आहे. मागच्या आजारपणातली उरलेली बाटली काढणं या दोन्हींपैकी कशातच बसत नाही.